यंत्राचं कपाळ

आमच्या जुन्या शेडमधली शहाबादी फरशी धुतली की पाणी लाल निघतं. पुसायला येणारी बाई दरवेळी मला हाक मारून दाखवते आणि मी दरवेळी सांगते, गंज असेल गं. तो गंज नाही, कुंकू आहे, हे तिलाही कळतं आणि मलाही. ते सांडणारा माणूस जाऊन बरेच दसरे झाले. फटी काही रिकाम्या व्हायला तयार नाहीत.

तो माणूस म्हणजे माझे सासरे. सगळे त्यांना आबा म्हणायचे. घर उसाच्या रानाचं, पण आबा फौजेत गेले, तिथं गाड्यांच्या वर्कशॉपात कामाला लागले आणि परत आले ते हातात विद्या घेऊनच. भावांनी ऊस केला, यांनी पलूसच्या रस्त्याला पत्र्याची शेड मारून एक लेथ, म्हणजे लोखंड कातायचं यंत्र, आणली. गुऱ्हाळाचा चरक दुरुस्त करणं, पंपाचे दांडे कातून देणं, अशी कामं. त्या लेथला ते 'ही' म्हणायचे. सासूबाई चिडून म्हणायच्या, "माझ्या आदी तिलाच करायची हुती की!"

मी औंधची, यमाईच्या डोंगराखालची. माहेरी खंडेनवमीला आम्ही विळे-खुरपी आणि शाळेच्या वह्या पुजायचो. लग्नानंतर इथली पहिली खंडेनवमी बघितली आणि बघतच राहिले. आदल्या दिवशी यंत्रं पुसून लख्ख केलेली, दाराला ऊस बांधलेले, झेंडूच्या माळा. कामगारांच्या बायका नवी लुगडी नेसून पोरांना घेऊन आलेल्या. आसपासचे शेतकरी आपले फाळ आणि कोयते घेऊन यायचे, कारण त्यांना धार इथंच लावलेली असायची. आबा आंघोळ करून, फौजेतली जुनी टोपी घालून यायचे आणि पत्र्याच्या लहान डबीतून एकेका यंत्राला कुंकू लावायचे. हे काम त्यांनी दुसऱ्या कुणाला कधी करू दिलं नाही. लेथला कुठं, ड्रिलला कुठं, धारेच्या दगडाला कुठं, प्रत्येकीचं कपाळ ठरलेलं. मग नारळ, मग मटणाचं जेवण. दुसऱ्या दिवशी सीमोल्लंघन होईपर्यंत कुणी बटणाला हात लावायचा नाही. "दमलीया, निजू द्या," आबा म्हणायचे.

पुढं माझा नवरा शिकून आला, धंदा वाढला आणि एका परदेशी कंपनीचं काम मिळालं. मोटारीत कुठंतरी आत बसणारी, करंगळीएवढी पिन. आम्हाला कोण आनंद! पलूसची पिन समुद्रापार जाणार. मेल लिहायचं आणि माल तपासायचं काम माझ्याकडं आलं. पहिला माल तेल लावून, खोक्यांत रचून तयार झाला तो नेमका नवरात्रात.

खंडेनवमीला आबांनी सगळ्या यंत्रांची पूजा केली आणि डबी घेऊन खोक्यांकडं वळले. आम्ही तेव्हा जेवणाची पानं मांडत होतो. एकेक खोकं उघडून त्यांनी आत हळदकुंकू टाकलं, झेंडूच्या ओल्या पाकळ्या ठेवल्या आणि नीट बंद केलं. मी पोचले तेव्हा शेवटचं खोकं बंद झालं होतं, डबी अजून हातात होती. मी म्हटलं, "आबा, आवं हे काय?"

"परमुलखात निघालीया पोरगी," ते म्हणाले. "मोकळ्या कपाळानं कशी धाडायची?"

मला हसू आलं. आत पाकळ्याही आहेत हे मला ठाऊक नव्हतं. खोक्यांना बाहेरून बोट लावलं असेल असं मला वाटलं.

मालाचं जहाज तिकडं पोचलं आणि कंपनीकडून फोटो आले. आमच्या पिना, त्यांच्यावर लाल-पिवळी भुकटी, आणि जिथं पाकळी चिकटली होती तिथं गंजाचा डाग. डागाकडं बाण काढलेला. खाली लिहिलेलं, अज्ञात पावडर. अख्खा माल नाकारला. हे पुन्हा होऊ नये म्हणून तुम्ही नेमकं काय करणार, ते कळवा, नाहीतर काम बंद.

मी लिहिलं, ही आमची रीत आहे, पुढच्या वेळी माल आधी हलवू. तेवढ्यानं त्यांचं समाधान झालं नाही. मी आणखी दोनदा समजावून लिहिलं. शेवटी नवऱ्यानं की-बोर्ड आपल्याकडं ओढला आणि लिहिलं, बाहेरच्या व्यक्तींना यंत्रांच्या आणि पॅकिंगच्या भागात प्रवेश बंद केला आहे. मी भांडले. ज्यानं या शेडचे खांब स्वतःच्या हातानं रोवले, तो बाहेरची व्यक्ती? नवरा म्हणाला, "पंचवीस घरं चालतात यावर. तू सांग दुसरं काय लिहू." मेल गेली आणि माझा मलाच राग आजही येतो.

त्यांचं उत्तर लगेच आलं. धन्यवाद, म्हणाले.

मग मिस्त्रीनं जमिनीवर पिवळी रेघ मारली. मिस्त्री म्हणजे आबांच्या हाताखाली तयार झालेला आमचा सगळ्यात जुना गडी. रेघ मारताना त्यानं मान वर केली नाही.

"ही रेघ कशाची रं?" आबांनी विचारलं.

"आबा, आता रेघंच्या आत कामावरचीच माणसं," माझा नवरा म्हणाला.

"मग मी?"

मिस्त्री रंगाचा डबा उचलून निघून गेला. आबांनी रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितली. मग म्हणाले, "बरं. हुकूम हाय म्हणायचा." आणि आपली लोखंडी खुर्ची त्यांनी स्वतः उचलून मागं घेतली, पाय रेघेला लागणार नाहीत अशी.

रोज सकाळी ते तिथं येऊन बसायचे. जुनी लेथ परदेशी लोकांच्या यादीत बसेना म्हणून ती बाहेर छपरात गेली होती, आणि आत एकामागून एक कॉम्प्युटरवर चालणारी यंत्रं आली. पांढरी, कपाटासारखी, काचेच्या दाराची. परदेशी कॅलेंडरात खंडेनवमी नसते, त्यामुळं त्या दिवशीही ती चालू लागली. पूजा ऑफिसातल्या देवीच्या फोटोपुरती उरली. कामगारांच्या बायका येईनाशा झाल्या, शेतकऱ्यांना गेटवर नाव लिहावं लागतं म्हटल्यावर त्यांचे फाळ दुसरीकडं जाऊ लागले. एखादी गोष्ट कधी बंद झाली हे सांगता येऊ नये, तसं हे झालं. आबा छपरातल्या लेथला कुंकू लावायचे आणि उरलेलं घरी. माझ्या मिक्सरला लावलं, लॅपटॉपलाही लावलं. "तूबी ह्याच्यावरच खातीस की," म्हणाले.

नवीन यंत्र आलं की खुर्चीतून एकच प्रश्न यायचा, "हिचं कपाळ घावलं का रं?"

कामावरची पोरं हसायची. नवरा म्हणायचा, "आबा, हिला कपाळ नसतंय."

"आसं कसं आसंल?" ते पुटपुटायचे आणि मान वाकडी करून, रेघेच्या अलीकडून, यंत्र निरखत राहायचे.

एका सकाळी ते असेच निरखत बसले आणि बसल्या बसल्याच गेले. यंत्रांच्या आवाजात कुणाच्या लक्षात आलं नाही. चहाच्या सुट्टीत मिस्त्री कप घेऊन गेला तेव्हा कळलं. चष्मा डोळ्यांवर तसाच होता आणि डोळे आतल्या यंत्राकडं लागलेले.

ती खुर्ची कुणी हलवलेली नाही. हलवा असं कुणी म्हणालंही नाही. मालाची गाडी ढकलणारी पोरं, ज्यांनी आबांना पाहिलंही नाही, तीसुद्धा खुर्चीला वळसा घालून जातात. नवरा सकाळी रेघ ओलांडताना क्षणभर थांबतो आणि मी बघितलं की खिशात किल्ली शोधतो. यंत्रं सुरू झाली की त्यांच्या घरघरीत मला तो प्रश्न ऐकू येतो, अगदी रोज. मला भीती वाटते, खोटं कशाला सांगू. आबांचं भूत दिसेल याची नाही. उत्तर न देताच आपणही एक दिवस जाऊ, याची.

यंदा नवरात्रात त्या कंपनीची एक बाई तपासणीला आली. तरुण, हसरी, बोलायला गोड. सगळं बघून खूश झाली. रेघ तर फारच आवडली. मग म्हणाली, आम्ही जगभरातल्या छोट्या कारखान्यांचं एक पुस्तक काढतोय, तुमच्याकडं या दिवसांत यंत्रांना सजवतात ना? ती लाल पावडर लावताना एक फोटो मिळेल का? फार सुंदर दिसतं म्हणे.

मी ते मराठीत सांगितलं तेव्हा मिस्त्रीनं मला पुन्हा विचारलं, "रेघंच्या आत?"

हो, म्हणाली ती, फक्त पिना तेवढ्या झाकून ठेवा.

मला ओरडावंसं वाटलं. पण नवरा बाहेर छपरात गेला आणि जुन्या लेथवरची डबी घेऊन आला. आत तळाला कुंकू होतं. सगळी यंत्रं थांबवली. इतकी शांतता त्या शेडमध्ये कैक वर्षांत झाली नव्हती. बाईनं फोटोसाठी फोन समोर धरला. नवऱ्यानं चप्पल काढली, बोट कुंकवात बुडवलं आणि पांढऱ्या यंत्रासमोर उभा राहिला.

हात काचेकडं गेला, मागं आला. पडद्याकडं गेला, तिथूनही मागं आला. त्यानं मिस्त्रीकडं बघितलं.

"आमी कवा लावलंय?" मिस्त्री म्हणाला. "आबाच लावायचं."

तेव्हा माझा नवरा वळला. रेघेपलीकडच्या खुर्चीकडं बघून, लहानपणी विचारत असेल तशा आवाजात म्हणाला, "आबा, हिचं कपाळ कुठं हाय?"

बाईनं मला विचारलं, ते काय म्हणाले? मी सांगितलं नाही. त्याच्या बोटावरचं कुंकू फरशीवर सांडत होतं, आणि आम्ही सगळे खुर्चीकडं तोंड करून वाट बघत उभे होतो.