धोंड्याच्या दिवशीचं चौकोनी घड्याळ

मुंजाजीला सासुरवाडीत मान एकच होता, पण पक्का होता. बोरीला किशनरावांच्या ओसरीवर लंबकाचं जुनं घड्याळ आहे. थोरला जावई घरी आला, की त्याला चावी द्यायची ती जावयानंच. त्यानं चपला काढल्या की सासरे म्हणायचे, "जावई, तेवढं बघा बरं." मुंजाजी स्टुलावर चढे, घरातली माणसं खाली उभी राहत, अन् परभणीत स्टेशन रोडला दिवसभर घड्याळांचे सेल आणि पट्टे बदलणारा माणूस घटकाभर इंजिनियर होई. त्या घरात कुणीही घड्याळ घेतलं, तर आधी त्याच्या डोळ्याखालून जाई.

यंदाच्या अधिकात दोन्ही जावयांना धोंड्याच्या जेवणाला एकाच दिवशी बोलावलं. धाकटा जीवन पुण्याहून आला. त्याच्या मनगटावर लांबट चौकोनी घड्याळ होतं: पांढरी तबकडी, रोमन आकडे, निळे काटे, चावीच्या टोकाला निळा खडा. किशनराव ते बघण्यात इतके गुंतले, की लंबकाचं सांगायचं विसरले. मुंजाजीनं दोनदा भिंतीकडे पाहिलं, एकदा खाकरला. स्टूल कोपऱ्यातच राहिलं.

"येवढं महाग अन् त्यात सेकंदकाटा बी न्हाई?" सासूबाई, सुमनबाई, म्हणाल्या.

"दोनच काटे, आई. तेच तर त्याचं कौतुक," जीवन हसला.

कौतुक! मुंजाजीच्या पोटात जे पेटलं ते विझेना. तसलं घड्याळ त्यानं फक्त चित्रात पाहिलं होतं. तीस वर्षं दुसऱ्यांच्या घड्याळातली धूळ फुंकली त्यानं, अन् ज्याला मागचं झाकण कसं उघडतात ते ठाऊक नाही, त्याच्या हातावर हे बसलं!

सुमनबाईंनी परातीत दोघांचे पाय धुतले, कुंकवाचा टिळा लावला, ओवाळलं. अधिकात जावई म्हणजे नारायण. तेहतीस अनारसे अन् वर दिवा, अशी ताटं दोघांपुढं आली. जीवनच्या ताटातले अनारसे मोठे आहेत, असंसुद्धा मुंजाजीला वाटून गेलं.

जेवणं झाल्यावर ओसरीत बसले, तेव्हा जीवननं घड्याळ काढून पुढं केलं. "मुंजाभाऊ, वापरलेलं घेतलंय एकाकडून. अस्सल का डुप्लिकेट, तुमी सांगा. परत करायला उद्यापर्यंत मुदत आहे."

मुंजाजीनं खिशातलं भिंग डोळ्याला लावलं. आकड्यांच्या कडा सुरीनं कापल्यासारख्या. घड्याळ तिरकं केलं, तसे काटे निळ्याचे जांभळे, जांभळ्याचे काळे झाले. आचेवर तापवलेलं पोलाद असं रंग बदलतं; नुसता रंग फासलेला काटा बदलत नाही. चावी फिरवली, ती लोण्यात बोट फिरावं तशी. बारक्या पेचकसानं मागचे चार स्क्रू काढून आत पाहिलं. सगळं लखलखत होतं. आपल्या हाताखाली असलं एकही यंत्र कधी आलं नाही, हे त्याला फार लागलं.

"काय म्हणता जावई?" किशनरावांनी विचारलं.

"डुप्लिकेट हाय," मुंजाजी म्हणाला. "काटे रंगवल्यात."

जीवन वाद घालेल, कागद दाखवील, असं त्याला वाटलं होतं. जीवननं नुसती मान हलवली. "बरं झालं विचारलं. पुण्यात एका घड्याळाच्या दुकानदाराला दाखवलं, तो अस्सलच म्हणला होता. पण मी घरी सांगितलं होतं, मुंजाभाऊंनी बघितल्याशिवाय ठेवायचं नाही." अन् त्यानं विकणाऱ्याला फोन लावला.

किशनरावांनी मांडीवर थाप मारली. "पुण्याला जमलं न्हाई ते आमच्या जावयानं बसल्या जागी वळखलं! अन् जावई, बोलण्यात राहूनच गेलं की. तेवढं लंबकाचं बघा बरं."

हवं होतं ते सगळं मिळालं. मुंजाजी स्टुलावर चढला. तीन पीळ दिले असतील, तेवढ्यात खालून जीवनचा आवाज चढला, "अहो, फसवलंत तुमी मला! लाज वाटत नाही?" पलीकडचा कुणी बिचारा काहीतरी गयावया करत होता. मुंजाजीच्या कपाळाचा घाम भुवईवर उतरला. त्यानं पुसला, तर बोटाला टिळ्याचं कुंकू.

"फोन ठेवा जीवनराव," तो खाली उतरून म्हणाला. "घड्याळ अस्सल हाय. मी खोटं बोललो."

"का वो?" किशनरावांना कळेना.

"जळलो."

"पाय धुतल्यावर बी, जावई?" एवढंच सुमनबाई म्हणाल्या, ते चपराकीपेक्षा वाईट होतं. जीवननं फोनवरच्या माणसाची माफी मागितली अन् मुंजाजीकडे न बघता घड्याळ हाताला बांधलं. मुंजाजीनं लंबकाची चावी स्टुलावर ठेवली, मथुरेला, बायकोला, "चल, निघू" म्हणाला.

चपलेत पाय घातला, तेव्हा मागून किशनरावांचा आवाज आला. "जावई, चावी अर्धीच झाली. परवा बंद पडंल ते."

मुंजाजी थांबला. चपला काढून परत वर आला. स्टूल डगमगतं, म्हणून जीवननं ते धरलं, अगदी चौकोनी घड्याळाच्याच हातानं. निळे काटे मुंजाजीच्या डोळ्यांसमोर आले. अजून जळत होतंच.

"तुमच्या घड्याळाला रोज सकाळी चावी द्यायची," वरूनच तो म्हणाला. "हाताला अडलं की थांबायचं. जोर करायचा न्हाई."

"बरं, भाऊ," जीवन म्हणाला. मुंजाजी उरलेले पीळ देत राहिला.