खिडकीच्या मापाचं प्लायवूड

प्लायवूड कापल्याचा वास आला की मला माझी खिडकी आठवते. लग्न होऊन आशागडला आले तेव्हा चिकूच्या वाडीतल्या त्या मोठ्या घरात माझं म्हणावं असं तेवढंच होतं. तिच्यातून रस्ता दिसायचा आणि दुपारी साडेतीनला माझ्या माहेरी, कासाला जाणारी एसटी जायची. एकदा आईचा फोन आला. फोन ओटीवर, समोर सासरे बसलेले. आईने विचारलं, "आवाज का असा?" काय सांगणार? म्हटलं, "इथे फार उकडतं गं." आठवड्यात एसी आला. मिस्त्रीने खिडकीचे गज कापले, एसी बसवला आणि उरलेल्या फटींवर प्लायवूड ठोकलं. सासूबाईंनी त्यावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, नारळ फोडला. घरात एसी तो एकच, त्यामुळे जेवणं झाली की सगळं घर माझ्या खोलीत चटया टाकून आडवं व्हायचं. मी पाणी प्यायला उठले तरी कोणीतरी म्हणायचं, "दार लाव, गारवा जातो." त्या घरघरीत एसटीचा आवाजही येईना. पुढच्या फोनवर आईने विचारलं, "आता बरं आहे ना?" सासरे कौतुकाने बघत होते. म्हटलं, "हो, आता थंड आहे." परवा माझी सून तिच्या आईला फोनवर म्हणाली, "इथे फार उकडतं." मुलाने लगेच एसीवाल्याला बोलावलं. तो खिडकीचं माप घेत होता तेव्हा मी तिला स्वयंपाकघरात नेलं, दार लावलं आणि विचारलं, "खरंच उकडतंय का गं तुला?"