प्रेमानंद सरांचा अंदाज

औंढ्याच्या बसस्टँडसमोर, प्रसादाच्या दुकानांची ओळ जिथं संपते, तिथं प्रेमानंद सरांचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. एक कॉम्प्युटर, एक झेरॉक्स मशीन आणि दोन बाकडी. ते कुठल्या शाळेत शिकवत नाहीत. पण डॉक्टरकीच्या परीक्षेला बसलेल्या लेकराचा नंबर लागेल की नाही, हे त्यांना विचारल्याशिवाय आसपासच्या गावांत कुणी ठरवत नाही. आणि ज्याला विचारून पुढचं पाऊल टाकायचं, त्याला आमच्याकडं सर म्हणतात.

त्यांच्याकडं एक जाड वही आहे, बारा वर्षांची. दुकानात आलेल्या प्रत्येक लेकराचं नाव, गाव, पडलेले गुण आणि शेवटी नंबर कुठं लागला, हे तिच्यात लिहिलेलं असतं. दर साली शेवटची यादी लागली की सर ती छापून घेतात आणि वही पुरी करतात. पुढच्या साली कुणी गुण घेऊन आलं की वहीची पानं उलटायची, बोट फिरवायचं आणि सांगायचं.

सांगायचीही त्यांची एक रीत. आईबापाला बाकड्यावर बसवायचं आणि लेकराला मागच्या दारानं बाहेर नेऊन आधी त्यालाच सांगायचं. त्यांच्या स्वतःच्या वेळी वडील त्यांना एका मास्तरांकडं घेऊन गेले होते, आणि मास्तरांनी भरल्या ओसरीवर "याचं काई व्हायचं न्हाई" म्हणून हात झटकले होते. ते हात सरांना अजून दिसतात.

मात्र नंबर लागण्यासारखा नसला, तर सर 'न्हाई' म्हणत. आडवळणानं बोलत नसत. त्याला कारण भीमराज, त्यांच्या थोरल्या भावाचा मुलगा. नांदेडला खोली करून त्यानं पाच वर्षं हीच एक परीक्षा दिली. दर साली कुणीतरी म्हणायचं, थोडक्यात गेलं, यंदा येईल. सहाव्या साली पुस्तक उघडलं की तो नुसता रडायचा. आता घरीच असतो, कुणाशी बोलत नाही. सर म्हणत, "नापास झाल्यानं न्हाई बिघडलं आमचं पोरगं. यंदा येईल, यंदा येईल म्हणणाऱ्यांनी बिघडवलं."

त्या साली जून महिन्यात निकाल लागला आणि शिरड शहापूरच्या पद्माबाई लेकीला घेऊन आल्या. पद्माबाई शाळेत पोरांची खिचडी शिजवतात. घरात दुसरं कमावणारं कुणी नाही. लेक राणी हिंगोलीला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती आणि ते शिकता शिकता डॉक्टरकीची परीक्षा तिसऱ्यांदा देऊन आली होती. ही शेवटची, असं तिनं आईला कबूल केलं होतं.

"जयभीम सर," पद्माबाई म्हणाल्या. "बघा बरं आमच्या डॉक्टरीनबाईचं काय व्हतंय. सुई टोचून घ्यायला मी दंड उघडा करूनच बसले."

"आई, गप ना!"

सरांनी तिच्या निकालाचा कागद काढला. चारशे एक. वहीत बोट फिरवलं. आपल्या लोकांच्या, म्हणजे एस.सी.च्या यादीत गेल्या साली शेवटचा नंबर लागला होता, त्याच्यापेक्षा एकशे अकरा कमी. ते उठले आणि राणीला मागच्या दाराबाहेर घेऊन गेले.

"न्हाई बसत, पोरी."

"पेपर लई अवघड व्हता सर. समदेच म्हणून राहिले."

"अवघड होता, मान्य. शेवटचा नंबर तीसनं खाली येईल, चाळीसनं येईल. एकशे अकरानं कधी आलं न्हाई."

राणी पायातल्या चपलेकडं बघत म्हणाली, "मग प्रवेशाचा नुसता फॉर्म भरून ठेवू का?"

"फॉर्म भरला की मन तिथंच बसतं. पहिली यादी, दुसरी यादी, तिसरी यादी. हातातलं सालबी जाईल. नको भरू."

ती आत आली आणि म्हणाली, "आई, चल. गाडी जाईल." पद्माबाईंनी लेकीचं तोंड बघितलं आणि त्या उठल्या. दारातून वळून सरांना मात्र म्हणाल्या, "बरं झालं, टायमावर कळलं."

राणीनं फॉर्म भरला नाही. पुस्तकं शेजारच्या सपनाला देऊन टाकली आणि तिसऱ्या वर्षाला हिंगोलीची ये-जा सुरू केली.

दिवाळीनंतर शेवटची यादी आली. सरांनी ती छापली आणि वही घेऊन बसले. पेपर असा गेला होता की सगळ्यांचेच गुण घसरले होते, आणि नवी कॉलेजंही निघाली होती. सरकारी कॉलेजात आपल्या यादीतल्या ज्या शेवटच्या पोरीला जागा मिळाली, तिला राणीपेक्षा नऊ गुण कमी होते.

त्यांनी तीनदा ताडून बघितलं. निकालाच्या कागदावर गुणांच्या खाली देशातला क्रमांक छापलेला असतो. गुण पेपरागणिक हलतात, क्रमांक तेवढा हलत नाही. तो त्यांनी बारा वर्षांत एकदाही वहीत लिहिला नव्हता. लिहिला असता, तर राणीचा नंबर बसतो हे तेव्हाच दिसलं असतं. कारण आमच्याकडं लेकराला 'किती पडले?' एवढंच विचारतात. कितवा आलास, हे कुणी विचारत नाही. जगानं जे विचारलं, तेच सरांनी लिहिलं होतं.

दोन दिवस दुकान बंद राहिलं. तिसऱ्या दिवशी ते बसनं हिंगोलीला गेले आणि कॉलेजच्या फाटकाशी उभे राहिले. राणी प्रयोगशाळेतून पांढऱ्या एप्रनवरच बाहेर आली.

"सर? तुमी इकडं कुणीकडं?"

त्यांनी उभ्याउभ्याच सांगितलं. काही झाकलं नाही.

"किती गुणांनी?" तिनं विचारलं.

"नऊ."

"म्हणजे मी खाली नव्हते."

"न्हाई. तू वर होतीस."

ती एप्रनची एक गुंडी काढत आणि परत लावत राहिली. "नुसता फॉर्म भरून ठेवू का, म्हणले होते मी."

"व्हय."

"मग आता काहून सांगून राहिले, सर?"

ते म्हणाले, "पुन्हा बस. पुस्तकं, क्लास, समदं माझ्याकडं लागलं."

"न्हाई सर. पाच महिने लागले मला ते मनातून काढायला. तुमी म्हणलात म्हणून काढलं. आता पुन्हा आत घ्यायचं बळ न्हाई." मग ती म्हणाली, "आईला सांगू नका. तिला वाटतंय तुमी माझं साल वाचवलं. वाटू द्या."

तासाची घंटा झाली. ती आत गेली. सर तिथंच उभे होते, फाटकावरच्या माणसानं "बाजूला व्हा काका" म्हणेपर्यंत.

पुढच्या जूनमध्ये पुन्हा निकाल लागला आणि दुकान भरलं. सर आता आधी क्रमांक विचारत. गर्दीतून वाट काढत पद्माबाई आल्या. हातात नव्या दळलेल्या हळदीची पिशवी होती.

"घरची हाय सर, तुमच्या घरी ताईंना द्या. राणी बी.एस्सी. झाली. पहिल्या वर्गात. तुमी न्हाई म्हणले नसते, तर पोरगी अजून तिथंच घिरट्या घालत बसली असती."

सरांनी पिशवी घेतली. समोर ग्यानोबा बसला होता, लेक सृष्टीला घेऊन. तो म्हणाला, "म्हणूनच आलो आमीबी. सांगा सर, येईल का हिचा नंबर?"

"मला सांगता येत न्हाई," सर म्हणाले. "फॉर्म भरून टाकू."

ग्यानोबाचं तोंड उतरलं. पद्माबाई खळखळून हसल्या. "दादा, सर मस्करी करून राहिले. ह्यांचं कधी चुकलंय का? माझ्या राणीलाच इचारा!"

बाकड्यावरची माणसं हसली. सरांनी कॉम्प्युटर पुढं ओढला आणि सृष्टीचं नाव टाकायला सुरुवात केली.

"सर," ती हळूच म्हणाली, "आडनाव चुकलं."

त्यांनी ते पुसलं आणि पुन्हा टाकलं. पुन्हा चुकलं.