आईसाठी घातलेला शिरका

ईडलिंबू विळीवर मधोमध चिरलं की त्याच्या जाड सालीतून एक बारीक फवारा उडायचा आणि माघातल्या सकाळच्या तिरप्या उन्हात तो क्षणभर दिसायचा... सोनेरी धुळीसारखा. त्या फवाऱ्यामागे मला अण्णांचे हात दिसतात – रुंद, चुलीच्या आचेने रापलेले, मनगटांवर जुन्या भाजल्याचे पांढरट डाग असलेले. आमच्या कुंडल गावात तेव्हा घरातला गडीमाणूस विळीवर बसलेला कुणी पाहिला नव्हता. आमच्या अंगणात तो रोज बसायचा, आणि येणारेजाणारे मान वळवून पाहत जायचे.

अण्णा म्हणजे माझे वडील. लष्करात ते ऑफिसरांच्या मेसमध्ये स्वयंपाकी होते. वर्षातून एकदा, कधी दोन वर्षांतून एकदा, काळी ट्रंक घेऊन ते यायचे. ट्रंक उघडली की तिच्यातून बुटाच्या पॉलिशचा, कापराचा आणि कुठल्याशा दूरच्या थंडीचा वास यायचा. सुट्टी संपली की तो वास घेऊनच ते परत जायचे. आई त्यांच्याशी बोलताना दाराआड उभी राहायची, पदर नीट करत. लग्नाला बारा-तेरा वर्षं झाली होती, पण त्या दोघांना मनमोकळं बोलायला असे दिवस मिळालेच किती होते!

मोठ्या दुष्काळाच्या पुढच्या वर्षी, दिवाळीच्या तोंडावर, अण्णा कायमचे घरी आले. आणि त्याच महिन्यात आईला विहिरीवरून कळशी आणताना दम लागू लागला. पावलं सुजली, बोट दाबलं की खळगा तसाच राहायचा. अण्णांनी तिला गाडीने मिरजेला नेलं. लहानपणी कधीतरी आलेल्या सांधेतापाने हृदयाची झडप निकामी केली होती, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. गोळ्या दिल्या, आणि मीठ बंद केलं.

मीठ बंद... माझी आई माण तालुक्यातली, दहिवडीकडची. त्या कोरड्या मुलखात पावसाने पाठ फिरवलेल्या वर्षी भाजीपाला कुठला असायला. बाजरीची भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि वर जाड मिठाचा खडा, एवढ्यावर माणसं दिवस काढत. तिच्या तोंडाला चव लागली ती तिथे. आमच्या घरी उसाचं पीक, दुभती जनावरं, सगळं असूनही ती भाकरीच्या कोपऱ्यावर मीठ घेतल्याशिवाय जेवायला बसत नसे. आता तिच्यासाठी आमटी वेगळ्या पातेल्यात शिजू लागली. दोन घास खाऊन ती ताट सरकवायची.

"माती चावल्यागत लागतंय," एवढंच म्हणायची.

महिन्याभरात तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत वर सरकू लागल्या. एका दुपारी तिने फडताळातल्या मिठाच्या बरणीत हात घातला आणि मूठभर मिठाशी भाकरी खाल्ली. दुसऱ्या दिवशी तिला श्वास घेता येईना. भिंतीला टेकून, तोंड उघडं ठेवून ती बसली होती, आणि तिची भेदरलेली नजर अण्णांवर खिळली होती. अण्णा तिच्या पाठीवरून हात फिरवत होते. मी त्यांना तिला स्पर्श करताना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

ती सावरली तेव्हा अण्णा म्हणाले, "आमच्या मेसमधी एक मेजरसाब व्हते. त्यास्नीबी मीठ बंद व्हतं. त्यांच्यासाठी मी एक ड्रेसिंग करायचो. लय आवडीनं खायचे."

आईने दमलेल्या डोळ्यांनी पाहिलं. "ड्रेसिंग? जखमंला करत्यात ते?"

"आगं, जखमंचं न्हवं! काकडी-गाजरावर घालायचं. लिंबू, शिरका आन तेल."

आई हसली... किती दिवसांनी.

गावात शिरका, म्हणजे व्हिनेगर, कुठे मिळणार? पण रानारानांत गुऱ्हाळं पेटली होती, हवेत काहिलीतल्या उकळत्या रसाचा दाट गोड वास भरून राहिला होता. अण्णांनी चरकावरून घागरभर ताजा रस आणला, जाड फडक्यातून गाळला आणि चिनी मातीच्या उंच बरणीत भरून तिच्या तोंडाला स्वच्छ धोतराचा तुकडा बांधला. दिवसभर बरणी उन्हात, संध्याकाळी घरात. रसाला फेस आला, मग आंबूस, धुंद असा वास सुटला. शेजारचे रामूनाना तो वास घेत अंगणात आले.

"काय रं गड्या, एकट्यानंच पाडतोयस व्हय? आमालाबी बोलीव की!"

"दारू न्हाई नाना, शिरका हाय. बायकूच्या जेवणाला."

"बायकूच्या?" नाना मोठ्याने हसले. स्वयंपाकघरात थोरल्या काकी, अण्णांच्या वहिनी, पुटपुटल्या, "फौजंतनं आला आन बायकूला पाला चाराय निघालाय गडी. गावात तोंड दावाय जागा ऱ्हायली न्हाई." अण्णांनी ऐकलं. बरणी उचलून ते ती उन्हाच्या पट्ट्यात सरकवून आले.

संक्रांत सरली तेव्हा धुंद वास जाऊन नाकाला झोंबणारा आंबट वास येऊ लागला होता. वरची फिकट साय बाजूला करून अण्णांनी शिरका गाळला – मधाच्या रंगाचा, नितळ. मग कल्हई केलेल्या पितळी वाडग्यात ईडलिंबाचा रस, त्यात अर्ध्या मोसंबीचा रस, वर थोडा शिरका, ताजी वाटलेली मोहरी, मिरपूड, गुळाचा लहानसा खडा. गूळ विरघळला की डाव्या हाताने शेंगतेलाची दोऱ्यासारखी धार सोडायची आणि उजव्या हाताने, मेसमधून आणलेल्या काट्याने, भराभर घोटत राहायचं... आणि बघता बघता ते वेगवेगळं तेल-पाणी एकजीव होऊन दाटसर, फिकट पिवळं व्हायचं. काकडीच्या चकत्या, गाजर, मुळा, मेथीची कोवळी पानं – त्यांवर ते ओतलं की ओल्या हिरव्या वासात लिंबाचा वास मिसळायचा.

पहिल्या दिवशी आईने एक घास घेतला आणि थुंकून टाकला. "लय झोंबतंय."

दुसऱ्या दिवशी शिरका कमी झाला, मोसंबी वाढली. "आता गुळमाट लागतंय." मग मोहरी वाढली, मग थोडं आलंही पडलं. अण्णा रोज वाडगं घेऊन तिच्यासमोर उकिडवे बसायचे आणि तिच्या चेहऱ्याकडे एकटक पाहायचे.

एका दुपारी तिने एक फोड खाल्ली. मग दुसरी. मग भाकरीचा तुकडा मोडून वाडग्याच्या तळाशी उरलेलं पुसून घेतलं. "आनखी हाय का?" तिने विचारलं.

अण्णा उठून गोठ्यात गेले आणि बराच वेळ म्हशीची पाठ थोपटत उभे राहिले.

त्यानंतरचे दिवस... आईची सूज उतरली, आवाजात धार आली. शेवग्याच्या सावलीत ती बाजेवर बसायची आणि अण्णा तिच्या पायाशी बसून लिंबं पिळायचे. ती त्यांना माणातल्या मेंढरांच्या, कोरड्या ओढ्यांच्या गोष्टी सांगायची. ते तिला पठाणकोटच्या धुक्याच्या सांगायचे. ती आता दाराआड उभी राहत नव्हती. "आवं, किती घोटताय! तेल फाटंल," असं दटावायची, आणि ते मुकाट्याने हात हलका करायचे. माझ्या आईवडिलांचा संसार मी पाहिला तो एवढाच, त्या एका हिवाळ्यातला.

फाल्गुनात शेवटचं गुऱ्हाळ बंद होण्याआधी अण्णांनी आणखी रस आणला आणि मोठी बरणी भरली. "पावसाळाभर पुरंल," ते म्हणाले.

चैत्र लागला आणि आईची सूज परत आली. या वेळी ती पावलांवर थांबली नाही. मिरजेच्या डॉक्टरांनी तिला तपासलं, अण्णांना बाहेर नेलं. अण्णा परत आले ते चेहरा पुसूनच. आईने विचारलं तेव्हा म्हणाले, "डॉक्टर म्हनले, आता मीठ चालंल. काय खावंसं वाटंल ते खावा."

घरी आल्यावर थोरल्या काकींनी गरम भाकरी केली, खरडा केला आणि ताटाच्या कडेला चिमूटभर मीठ वाढलं. आईने त्या मिठाकडे पाहिलं. मग अण्णांकडे पाहिलं. अण्णा खाली मान घालून काकडी चिरत होते, आणि चिरून झालेल्या चकत्याच पुन्हा चिरत होते.

"आवं," ती हळूच म्हणाली, "तुमचं ते घोटा की. मला आता तेच गोड लागतंय."

मिठाला तिने बोट लावलं नाही. अण्णांनी घोटलं, तिने चार फोडी खाल्ल्या, पाचवी हातात धरून बसून राहिली. तिला कळलं होतं, आणि आपल्याला कळलंय हे तिने त्यांना कळू दिलं नाही... हे मला समजायला पुढे स्वतःचा संसार उभा राहावा लागला. तो आठवडा संपायच्या आत, भर दुपारी, आई गेली.

अण्णा रडले नाहीत. सुतक फिटलं, पाहुणे पांगले, शेवग्याखालची बाज कुणीतरी आत नेऊन ठेवली. फक्त ती मोठी बरणी ते रोज सकाळी उन्हात ठेवायचे आणि संध्याकाळी घरात आणायचे. आतला रस आपला फेसाळत, आंबत, पिकत राहिला. तो कुणासाठी घातला होता ते त्याला काय ठाऊक!

वैशाखातल्या एका सकाळी त्यांनी फडकं सोडलं. शिरका तयार झाला होता. तो गाळून ते ओट्यावर बसले, समोर भरलेल्या बाटल्या, आणि हातांना काही कामच उरलेलं नाही असे दोन्ही हात मांडीवर. थोरल्या काकी किती वेळ दारातून पाहत होत्या. मग आत जाऊन त्यांनी सुपात काकड्या, गाजरं, दोन लिंबं आणली, विळी आणली आणि अण्णांच्या पुढ्यात ठेवली.

"भावजी, करा आज. आमी समदी खातो."

अण्णांनी वर पाहिलं. मग विळी ओढून घेतली.

दुपारी सगळं घर एका ओळीत जेवायला बसलं. पाला म्हणून नाक मुरडणारे थोरले काकाही बसले. कुणी मीठ मागितलं नाही. काकींनी पहिला घास तोंडात घातला आणि त्यांचे डोळे भरून आले, पाणी गालांवरून ओघळू लागलं. पदराने तोंड झाकत त्या म्हणाल्या, "या बारीला लयच आंबट झालंय वो."

अण्णांनी आपल्या ताटाकडे पाहिलं. आई गेल्यापासून कोरडे राहिलेले त्यांचे डोळे आम्हा सगळ्यांदेखत वाहू लागले.

"व्हय वैनी," ते म्हणाले, "जरा जास्तच झालंय."

मी माझ्या ताटातली एक फोड उचलून खाल्ली. आंबट मुळीच झालं नव्हतं.