सुगतच्या विहिरीचं तेल

करडी गावच्या डोमानं सहा वर्षं एक बोटभर शिशी जपली होती. तिच्यात काळं, घट्ट खनिज तेल होतं. त्याचा एकुलता मुलगा सुगत तेलविहिरी खोदणाऱ्या ठेकेदाराकडे कामाला होता. कधी आसामात, कधी गुजरातेत. शेवटच्या सुट्टीत त्यानं नव्या विहिरीचं तेल आणून बुद्धमूर्तीशेजारी ठेवलं आणि परत त्याच विहिरीवर गेला. महिन्याभरात तिथं आग लागली. ठेकेदाराचा माणूस अस्थी देऊन गेला. जागा विचारली, तर "कामावर असताना गेला" एवढंच म्हणाला. पुढं त्याचा फोनही लागेना.

डोमाला त्या जागेवर एकदा उभं राहायचं होतं. दुसरं काही नको होतं.

पुतणी खुशबू नागपूरला प्रयोगशाळेत लागली. ती म्हणाली, "मोठेबाबा, तेलातला कार्बन दोन वजनाचा असते, हलका न् जड. तेल समुद्राच्या शेवाळापासून झालं का जंगलाच्या पाल्यापासून, त्यावर त्याचं प्रमाण ठरते. जमिनीखाली तेल कितीही दूर सरकलं तरी ते फारसं बदलत नाही. आसाम का गुजरात, अंदाज सांगता येईल."

"मंजे तेल आपली माय विसरत नाही."

"तसंच समजा. थेंबभर द्या."

"थेंबानं तुह्या मशीनीचं पोट भरते का?" डोमा कितीतरी दिवसांनी हसला. त्याची बायको धुरपता मात्र खाली मान घालून तांदूळ पाखडत राहिली.

पंधरा दिवसांनी खुशबू स्वतः आली. "यात दोन तेलं हायेत, मोठेबाबा. एक कोट्यवधी वर्षांचं, एक बियांचं, ताजं. आकडा दोघांच्या मधातच येऊन रायला."

"येगळं काढ न मंग."

"जुनं उरलंच नाही तेवढं. झिरपून गेलं असन."

धुरपतानं सूप खाली ठेवलं. "बूच सैल होतं. तेल कमी होऊन रायलं होतं, मले पाहवलं नाही. आपल्या धानाच्या बांधीतल्या जवसाचं तेल थोडं थोडं टाकत गेली."

"कवापासून?"

"पयल्या सालापासून."

डोमानं बुद्धमूर्तीशेजारची शिशी उचलून तिचं बूच घट्ट दाबलं. सुट्टीवर आला की सुगत जवसाच्या चटणीशिवाय जेवायला बसत नसे.

दिवाळीआधी उभ्या धानात जवस फेकायचे दिवस आले. ओटीत बी घेऊन डोमा त्याच बांधीच्या कडेला, धुऱ्यावर बराच वेळ उभा राहिला.

"काहून थांबले?" धुरपतानं मागून विचारलं.

"कुठं थांबलो," तो म्हणाला, आणि पहिली मूठ फेकली.