आक्काची नडगी आणि मिश्रीची डबी

थांब गं, फोन ठेवू नको. पुण्याला राहतीस म्हणून काय फोनवर "आक्का बरी हाय ना?" एवढं विचारून मोकळं व्हायचं? भाची हायस का पाहुणी? माझ्या थोरल्या जाऊबाईचा पाय कसा वाचला, ते नीट बसून ऐक.

उसाच्या ट्रॉलीचं चाक आक्काच्या नडगीला घासून गेलं. हाड मोडलं नाही, पण वरचं सगळं सोलून निघालं. हाड असंच उघडं राहिलं तर पाय जाईल, असं सांगलीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी उपाय सांगितला आणि मी तोंडाला पदरच लावला. पोटरीचं कातडं आतल्या थरासकट सोडवायचं, एका बाजूनं जोडलेलंच ठेवायचं आणि तसंच फिरवून नडगीवर बसवायचं. मागं उघड्या पडलेल्या जागेला मांडीचं पातळ कातडं लावायचं.

आक्का पडल्या पडल्या म्हणाली, "म्हंजे जाईचं दाबकलमच की! फांदी तोडायची न्हाई, नुसती वाकवायची."

डॉक्टरीणबाई लय हसल्या. मग विचारलं, "आजी, तंबाखू खाता का?"

"छ्या! आमच्या घरात बायका तंबाखूला शिवत न्हाईत."

मीपण जोरात मान डोलावली.

ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी नवं कातडं बोटानं दाबून बघितलं. कडेला निळसर दिसत होतं. "रक्त का पोचत नाही?" असं पुटपुटताना त्यांची नजर आक्काच्या काळ्या बोटावर गेली.

"हे काय?"

"मिश्री. दात घासले आत्ताच."

"कशाची करता?"

"तव्यावर भाजून… तंबाखूची."

बाईंनी डोक्याला हात लावला. आक्का घाईनं म्हणाली, "पण आमी ती खात न्हाई, बाई! थुकतो!"

तंबाखू कशीही घेतली तरी रक्ताच्या बारीक वाटा आवळतात, असं बाईंनी समजावलं. आक्कानं उशाखालची डबी काढून दिली. शेजारच्या खाटेवर मलकापूरची म्हातारी होती, तिनंही कुणी न मागता कमरेची डबी काढून दिली. बाईंनी माझ्याकडं बघितलं. मग काय, माझीपण गेली.

पुढचे दिवस विचारू नको. मिश्रीविना आक्काचं डोकं चढलेलं, माझंही. "धाकटे, चहा पाणचट!" "तुमची जीभच पाणचट झालीया, आक्का!" भाऊजी, म्हंजे आक्काचे मालक, फौजेतून निवृत्त होऊन आलेले. ते पहाऱ्यावर उभे राहावेत तसे खाटेजवळ ताठ बसायचे आणि आत येणाऱ्या प्रत्येकाचा वास घ्यायचे.

मग एका सकाळी बाईंनी बोट दाबलं, उचललं, आणि पांढरी पडलेली जागा डोळ्यांदेखत गुलाबी झाली. कडेची बारीक पट्टी वाळून गेली, बाकी सगळं कातडं जगलं. भाऊजींनी तिथंच बाईंना कडक सलाम ठोकला आणि म्हणाले, "आवं, पण पोटरी पुढं आली. आता ही मागं चालायची का पुढं?"

"तुमच्यापुढंच चालीन," आक्का म्हणाली.

आणि चालती बी! नडगीवर भाकरीएवढा फुगवटा हाय, तो सगळ्या गावाला दाखवून झालाय, आता तुझीच वाट बघतीया. ये बाई लवकर. कवठे महांकाळच्या स्टँडवर तुला न्यायला मीच चालत जाणार, असं आक्कानं बजावलंय.