अभाज्य जावई

आमचे दाजी, म्हणजे निवृत्त गोरख सर, मुलीसाठी, अश्विनीसाठी, आलेला बायोडाटा खालून वर वाचतात. लोक आधी जमीन बघतात, विहिरीचं पाणी विचारतात, पोरगा पितो का याची गुपचूप चौकशी करतात. सर थेट तळाचा मोबाइल नंबर बघतात. कारण जावई अभाज्य पाहिजे! म्हणजे त्याच्या नंबराला एक आणि तो नंबर स्वतः, एवढं सोडून कशानंही पूर्ण भाग जाता कामा नये. भावकीत वाटण्या झाल्यापासून त्यांचा सिद्धांतच आहे, ज्याला कुणी भागू शकत नाही त्याचं घर फुटत नाही. अवसरीच्या शाळेत जन्मभर गणित शिकवल्याचा हा परिपाक.

नंबर सम निघाला की बायोडाटा चुलीत. शेवटी पाच असले तरी चुलीत. अंकांच्या बेरजेला तीननं भाग गेला, तोही गेला. पण खरे हाल उरलेल्यांचे. दहा अंकी संख्या अभाज्य आहे हे हातानं ठरवायचं तर लाखाच्या आतल्या झाडून सगळ्या अभाज्य संख्यांनी भागून बघावं लागतं, आणि कॉम्प्युटरला विचारणं म्हणजे सरांच्या लेखी कॉपी. तोवर मी, मुलीचा सख्खा मामा, पाहुण्यांना "पत्रिका जुळवतोय" असं धडधडीत खोटं सांगत बसतो. आणे गावचं एक स्थळ खरोखर अभाज्य निघालं. सरांनी हर्षानं फोन लावला, तर पलीकडे त्याच मुलाच्या हळदीचा डीजे वाजत होता.

आता अश्विनीनं स्वतःच पसंत केलेला आदेश आईवडिलांना घेऊन घरी आला. नारायणगावला टोमॅटोच्या रोपांची नर्सरी, सालस पोरगा, मला तर फार आवडला. सरांनी बायोडाटा उचलला आणि तळ गाठला.

"शेवटी शून्य! दोननं भाग जातो, पाचनं जातो, धानं जातो. ही संख्या हाय का धर्मशाळा?"

"दाजी, नवीन सिम घिऊ की," मी घाईनं म्हणालो.

"सिम बदलून स्वभाव बदलतो व्हय?"

दुकानदारानं काउंटरवरून दिलेला नंबर आता स्वभाव झाला होता. आदेशचे वडील चपला शोधायला लागले. अश्विनी पोह्यांच्या बशा घेऊन दारातच उभी होती.

"आण्णा," ती सरांना म्हणाली, "अभाज्य नंबरात कोन कोन मावतं?"

सर खुलले. इतक्या वर्षांत कुणी आपणहून त्यांना गणित विचारलं नव्हतं. "फकस्त दोघं. एक, आन् त्यो स्वतः. तिसऱ्याला जागाच न्हाई."

"मंग लगीन करून मी कुठं ऱ्हाऊ?"

तिनं बशा आणून सरांपुढं ठेवल्या.

सरांनी चष्मा काढून पुसला. मग बायोडाटा पुन्हा घेतला आणि जन्मात पहिल्यांदा वरून वाचायला लागले.

"बसा पावणं," ते आदेशच्या वडिलांना म्हणाले. "पोराचं नाव काय म्हनलात?"